पितळी पाटी आणि प्रतीक्षा यादी

महिनाभरात कंपनी उभी करतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी साडूची झोप उडवतो, असं बायोडेटाने बायकोला सांगितलं तेव्हा ती आरशासमोर उभी होती. शाळेची वेळ झाली होती, केस वर बांधायचे होते आणि तोंडात पिना होत्या. ती काही बोलली नाही. बायोडेटाने तो होकार धरला.

बायोडेटा हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. बिस्किटांच्या कारखान्यात, कर्मचारी विभागात, त्याचं सगळं आयुष्य गेलं. माणूस दिसला की त्याचा बायोडेटा याच्या डोक्यात आपोआप टाइप व्हायला लागायचा. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या कुणाकडेही बघून तो बायकोच्या कानात पुटपुटायचा, ‘‘स्टोअरकीपर. दोन नोकऱ्या सोडलेल्या. तिसरी सोडणार, चपला बघ.’’ आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. पुढे कारखान्याने यंत्रं दुसऱ्या गावी हलवली आणि माणसं आपापल्या घरी. निरोपाची पत्रं वाटायचं काम बायोडेटाकडेच होतं. सगळ्यात शेवटचं त्याने स्वतःला दिलं, पोच म्हणून स्वतःची सही घेतली आणि स्वतःला शुभेच्छा देऊन तो घरी आला.

घरी बसून त्याने ठरवलं की माणसं पुरवणारी एजन्सी काढायची. कुणाची टायपिस्ट बाळंतपणाला गेली, कुणाचा वॉचमन पाय मोडून बसला, कुणाच्या गोदामात ऐन गर्दीत हात कमी पडले की आपला बदली माणूस तिथे पाठवायचा. कल्पना चांगली होती. गिऱ्हाईकही दाराशी होतं. शहराबाहेरच्या शीतगृहाचा मॅनेजर म्हणाला होता, ‘‘पहिल्या तारखेपासून माणसं द्या. पण आधी तुमची रीतसर नोंदणी दाखवा. नाहीतर मी दुसरी एजन्सी बघतो.’’

म्हणजे करायचं एवढंच होतं: धंद्याला कायद्याने कोणतं रूप द्यायचं ते ठरवायचं, नोंदणी करायची आणि माणसं पाठवायची. या सगळ्यात साडूचं काही काम नव्हतं. पण काम नसताना आला नाही तर तो साडू कसला?

*

पद: साडू (कायम).

पात्रता: बायकोच्या मोठ्या बहिणीशी लग्न. त्यामुळे घरातल्या कुठल्याही फोटोत आपल्यापेक्षा एक पायरी वर.

अनुभव: लिफ्ट दुरुस्ती. वर गेलेल्यांना खाली आणणं, खाली अडकलेल्यांना वर नेणं.

उणिवा: दिसत नाहीत. हीच मोठी उणीव.

(हा बायोडेटा बायोडेटाच्या डोक्यातून जशाच्या तसा उतरवला आहे.)

*

साडूने नवीन ऑफिस घेतलं, तेव्हा हे दोघं बघायला गेले होते. एका खोलीचं ऑफिस. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात वंगणाचे डबे. त्यात जळण्यासारखं काही नव्हतं. बायोडेटाचा चेहरा अगदी प्रसन्न होता. मग निघताना साडूने दार ओढून घेतलं आणि दारावरची पाटी समोर आली. पितळी, कोरीव, उन्हात लखलखणारी. साडूचं नाव, आणि खाली: व्यवस्थापकीय संचालक.

आणि बायोडेटाच्या बायकोने त्या अक्षरांवरून हळूच बोटं फिरवली.

बस. एवढंच घडलं. पण तेव्हापासून बायोडेटाला भात गिळताना ती बोटं दिसायची, दाढी करताना दिसायची. आपल्या इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या कुठल्या वस्तूवरून बायकोने अशी बोटं फिरवली, हे तो आठवत बसायचा. त्याला फक्त इस्त्री आठवायची, आणि तीही तापली का हे बघायला.

*

सीए बाई त्यांच्या घरी आल्या, सोफ्यावर बसल्या आणि त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. त्या कमी बोलत, कारण त्यांचं बोलणं बिलात धरलेलं असे.

‘‘पहिला मार्ग, एकट्याची मालकी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सोपं, स्वस्त. पण कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा धंदा एकच. तुमचा माणूस शीतगृहात मालाची गाडी भिंतीत घालणार आणि त्याची भरपाई शोधत लोक या सोफ्यापर्यंत येणार.’’

बायोडेटाने सोफ्याच्या हातावर हात ठेवला.

‘‘दुसरा मार्ग, भागीदारी. तेच सगळं, शिवाय भागीदाराने केलेल्या घोळालाही तुम्हीच जबाबदार. तिसरा, एलएलपी. म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. तुम्ही आणि मिसेस दोघं भागीदार. धंदा बुडाला तर धंदा बुडेल, सोफा वाचेल. कागदपत्रं झेपण्यासारखी. चौथा, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. सोफा तिथेही वाचतो. पण संचालक मंडळ आलं, सभा आल्या, ठराव आले, आणि बहुमत म्हणेल ते आलं. तुमच्यासारख्याने एलएलपी करावी. मी कागद तयार करूनच आणलेत.’’

‘‘एलएलपीत दारावर काय लिहितात?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पाटीवर. माझ्या नावाखाली.’’

सीए बाईंनी जरा विचार केला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. ‘‘नियुक्त भागीदार.’’

‘‘नियुक्त,’’ बायोडेटा म्हणाला. ‘‘म्हणजे कुणीतरी नेमलेला. मी उभं आयुष्य लोकांना नेमलं आणि मीच नियुक्त?’’ मग आवाज साधा ठेवत त्याने विचारलं, ‘‘आणि व्यवस्थापकीय संचालक व्हायचं असेल तर?’’

‘‘त्याला कंपनी लागते.’’

‘‘मग कंपनीच.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘विस्ताराच्या दृष्टीने,’’ बायोडेटा म्हणाला. सीए बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. विस्तार करायचा तर आधी दाराआडचं कपड्यांचं स्टँड हलवावं लागलं असतं.

‘‘कमीत कमी दोन संचालक लागतील,’’ त्या उठत म्हणाल्या. ‘‘दुसरा कोण?’’

आता सांगा, या प्रश्नावर कुठलाही नवरा काय म्हणेल? स्वयंपाकघराकडे बोट दाखवेल आणि मोकळा होईल. पण बायोडेटाने जन्मात एकही जागा मुलाखत घेतल्याशिवाय भरलेली नव्हती.

‘‘रीतसर निवड करतो,’’ तो म्हणाला.

*

पाहिजे: संचालक. स्त्री अथवा पुरुष. मनमिळाऊ, आज्ञाधारक. अध्यक्षांच्या म्हणण्याला अनुमोदन देण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य.

*

मुलाखत संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर झाली. उमेदवार घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

‘‘बसा.’’

‘‘बसलेलीच आहे.’’

‘‘सध्या कुठे काम करता?’’

‘‘अहो, तुम्ही रोज मला शाळेच्या गेटपर्यंत सोडता.’’

‘‘उत्तर द्या.’’

‘‘शाळेत शिकवते. शिवाय बदली तासांचं माझ्याकडे आहे. सकाळी बघायचं कोण शिक्षक आला नाही, कुणाचा तास मोकळा आहे, कुणाला कुठल्या वर्गावर पाठवायचं. घंटा व्हायच्या आत.’’

‘‘ते शाळेचं झालं. माणसं पुरवण्याच्या क्षेत्रातला काही अनुभव?’’

तिने एक शेंग उघडली, आत कीड दिसली, बाजूला ठेवली. ‘‘नाही,’’ ती म्हणाली.

बायोडेटाने तसं लिहून घेतलं. मग आला त्याचा आवडता प्रश्न. कारखान्यात तो शिपायापासून इंजिनीअरपर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचा आणि उत्तरावरून माणूस ओळखायचा. ‘‘ज्यांच्या कामाच्या पद्धतीचा तुमच्यावर प्रभाव पडला, अशी एक व्यक्ती सांगा.’’

हा प्रश्न विचारताना त्याने कॉलर नीट केली.

‘‘भाऊजी,’’ बायको म्हणाली.

‘‘कोण भाऊजी?’’

‘‘ताईचे मिस्टर. आणखी किती आहेत मला? त्यांना काही विचारलं की ते ‘बघून सांगतो’ म्हणतात, आणि खरंच बघून सांगतात. आपल्याकडे आधी सांगतात आणि मग बघतात.’’

बायोडेटाच्या पेनातली शाई तिथे पसरली. बराच वेळ पेन एकाच जागी टेकल्यावर असं होतं. मग त्याने अतिशय सभ्यपणे उमेदवाराचे आभार मानले आणि निर्णय कळवला.

‘‘तुमचं नाव प्रतीक्षा यादीत ठेवत आहोत.’’

‘‘मला?’’

‘‘व्यक्तिशः घेऊ नका. निवड गुणवत्तेवर आहे.’’

ती काहीच बोलली नाही. या वेळी तोंडात पिना नव्हत्या, पण बायोडेटाच्या ते लक्षात आलं नाही. रात्री जेवायला घेवड्याची भाजी होती. त्याच्या ताटात वाढायला मात्र ती बराच वेळ आली नाही. विचारलं तर म्हणाली, ‘‘प्रतीक्षा करा.’’

*

आणि मग त्याला ती भन्नाट कल्पना सुचली. अशा कल्पना माणसाला दातदुखीत सुचतात किंवा मत्सरात. दुसरा संचालक म्हणून साडूचीच बायको आपल्या कंपनीत घ्यायची. साडूच्या घरात उद्या दोन संचालक, आणि त्यातली खरी मोठी कंपनी कुणाची? आमची. रोज सकाळी ती तयार होऊन इकडे मीटिंगला निघणार आणि साडू दारात उभा राहून बघणार. बायोडेटाने नुसत्या कल्पनेनेच दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्याने फोन लावला. मेहुणी म्हणजे बोलायला फटकळ, पूर्वी औषधांच्या दुकानात हिशेबाला होती आणि अजूनही समोरच्या माणसाकडे एक्स्पायरीची तारीख शोधत असल्यासारखी बघायची.

‘‘काय जावईबुवा, आज कशी आठवण?’’

‘‘ताई, तुम्हाला आमच्या कंपनीत संचालक व्हायला आवडेल का?’’

‘‘मुलाखत घेणार का?’’

बायोडेटा दचकला. ‘‘तुम्हाला कसं...’’

‘‘कळतं हो. मी यायला तयार आहे. पण माझी धाकटी बाहेर प्रतीक्षेत आणि मी आत खुर्चीत, असं चालायचं नाही. तिलाही घ्यायचं. तिघांचे शेअर सारखे. नाहीतर राहू दे.’’

महिनाअखेर जवळ येत होती. शीतगृहाच्या मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते. आणि खरं सांगायचं तर बायोडेटाच्या डोळ्यांसमोर दारात उभा असलेला साडू इतका स्पष्ट उभा होता, की बाकीचं काही दिसायला जागाच नव्हती. तो हो म्हणाला.

सीए बाईंनी कागद वाचले आणि चष्मा काढला. ‘‘तिघे संचालक, शेअर समसमान. त्यात दोघी सख्ख्या बहिणी आहेत, हे तुम्ही पाहिलंय ना?’’

‘‘त्यांचं एकमेकींशी पटत नाही,’’ बायोडेटा म्हणाला.

‘‘कशावरून?’’

‘‘फोनवर तासन्‌तास बोलत असतात. पटत असतं तर दोन मिनिटांत झालं असतं.’’

सीए बाईंनी घड्याळ उचललं. पुढचं त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि ते त्यांनी बिलात धरलं नाही.

*

नोंदणी झाली. कंपनी जन्माला आली. बायोडेटाने पहिलं काम काय केलं असेल? माणसं गोळा केली? शीतगृहाला कळवलं? छे. ते त्याने दुसरं आणि तिसरं केलं. पहिल्यांदा तो पाटीवाल्याकडे गेला आणि साडूच्या पाटीपेक्षा वीतभर लांब पितळी पाटी सांगून आला. ‘‘नाव नंतर सांगतो, अक्षराचा आकार ठरायचाय. खालचं आधी कोरा: व्यवस्थापकीय संचालक.’’

नावाची जागा तेवढी कोरी असलेली पाटी घरी आणून त्याने कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली. पहिल्या सभेत पदाची निवड झाली की त्याच दिवशी वर नाव कोरून साडूच्या हातूनच दारावर ठोकून घ्यायची, असा बेत होता. साडूकडे ड्रिल मशीन होतं, हा त्यातला व्यवहाराचा भाग.

दरम्यान साडू एकदा येऊन गेला. सोफ्यावर टेकला, पाणी प्यायला आणि खोल आवाजात म्हणाला, ‘‘तुमचं बरं आहे, साडूभाऊ.’’

बायोडेटाच्या अंगावरून मोरपीस फिरलं. ‘‘का हो? तब्येत बरी नाही का? डोळे लाल दिसतात.’’

‘‘झोपच उडालीय हो.’’

बायोडेटाने त्याला आग्रहाने आणखी पाणी दिलं. एवढ्या प्रेमाने त्याने साडूला आजवर काही दिलेलं नव्हतं.

*

संचालक मंडळाच्या पहिल्या सभेचा वृत्तान्त

स्थळ: बाहेरची खोली. उपस्थिती: तिन्ही संचालक. साडू बायकोला सोडायला आले होते. त्यांना चहा टाकायला स्वयंपाकघरात पाठवण्यात आले.

विषय पहिला: व्यवस्थापकीय संचालकांची निवड.

बायोडेटा यांनी स्वतःचे नाव सुचवले. अनुमोदन कोण देणार, असे त्यांनी विचारले. अनुमोदन आले नाही.

मेहुणी म्हणाल्या, ‘‘निवड गुणवत्तेवर आहे ना? मग मुलाखत घेऊ.’’ धाकट्या बहिणीने अनुमोदन दिले. ठराव बहुमताने मंजूर.

(वृत्तान्त इथे सोडून देऊ. वृत्तान्तात माणसाचा घाम दिसत नाही.)

‘‘बसा,’’ बायको म्हणाली.

‘‘बसलेलोच आहे,’’ बायोडेटा म्हणाला, आणि हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय असं त्याला वाटलं.

‘‘सध्या कुठे काम करता?’’

‘‘अगं, काय हे...’’

‘‘उत्तर द्या.’’

‘‘सध्या... मोकळा आहे.’’

मेहुणीने मान हलवली. दुकानात एखादं औषध नसलं की ती गिऱ्हाईकाकडे बघून अशीच मान हलवत असे.

‘‘ज्यांच्या कामाच्या पद्धतीचा तुमच्यावर प्रभाव पडला,’’ बायकोने विचारलं, ‘‘अशी एक व्यक्ती सांगा.’’

आता बघा, एका शब्दात सुटका होती. समोरच बसली होती. शाळेत रोज सकाळी घंटा व्हायच्या आत माणसं जागेवर पोचवणारी. पण स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज आला, साडू आत आहे हे बायोडेटाला आठवलं, आणि त्याच्या डोक्यात पुन्हा ती पाटी चकाकली. ती पाटी, ती बोटं. त्याने कॉलर नीट केली, उत्तर मात्र राहून गेलं.

‘‘उमेदवाराने बाहेर थांबावं,’’ मेहुणी म्हणाली. ‘‘चर्चा करून कळवतो.’’

‘‘बाहेर म्हणजे? हे माझंच घर आहे.’’

‘‘घर तुमचं. सभा कंपनीची.’’

सीए बाईंनी हेच सांगितलं होतं. कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. तेव्हा ते सोफ्याच्या दृष्टीने फार चांगलं वाटलं होतं.

*

स्वयंपाकघरात साडू चहापत्ती शोधत होता.

‘‘वरच्या फळीवर,’’ बायोडेटा म्हणाला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

‘‘बाहेर काढलं?’’

‘‘चर्चा चाललीय.’’

‘‘माझ्याकडे रोज चालते,’’ साडू म्हणाला. ‘‘तुम्ही हिला संचालक केल्यापासून घरात अजेंडा लागतो हो. पहाटे उठते आणि आरशासमोर ठराव मांडून बघते. ‘ही सभा असं ठरवते की...’ मी दचकून जागा होतो. त्या दिवशी सांगितलं ना तुम्हाला, झोप उडालीय.’’

बायोडेटाच्या अंगावरचं मोरपीस गळून पडलं. ‘‘पण तुम्हाला काय अवघड आहे? तुम्ही तर आधीपासून व्यवस्थापकीय संचालक. तुमच्या मंडळात घ्या तिला.’’

‘‘कसलं मंडळ?’’

‘‘तुमच्या कंपनीचं.’’

‘‘माझी कुठली कंपनी?’’ साडूने चहात साखर टाकली, विसरला, पुन्हा टाकली. ‘‘मी एकटा मालक. मी, एक स्पॅनर आणि ती खोली.’’

‘‘आणि ती पाटी?’’

साडू पहिल्यांदाच ओशाळलेला दिसला. ‘‘ती होय? मी ‘मालक’च लिहायला सांगितलं होतं. पण पितळ आधीच लांब कापून झालेलं. ‘मालक’ तीन अक्षरं, सगळी पाटी भुंडी दिसायला लागली. पाटीवाला म्हणाला, काहीतरी लांबलचक सांगा, बसेल नीट. मी म्हटलं, तुम्हीच बघा. त्याने बसवलं ते बसवलं.’’

बायोडेटाने ओट्याची कड धरली.

‘‘मला तर तुमचा हेवा वाटतो, साडूभाऊ,’’ साडू सांगत होता. ‘‘तुमची खरी कंपनी. तुमचं काही चुकलं तर तिघांचं चुकतं. माझं चुकलं तर मी कुणाकडे बघायचं? लिफ्टकडे?’’

हसावं की रडावं हे बायोडेटाला ठरवता येईना. ते ठरवायला बहुमत लागलं असतं.

*

विषय पहिला (पुढे चालू): व्यवस्थापकीय संचालकपदी धाकट्या बहिणीची निवड. बायोडेटा यांचे नाव प्रतीक्षा यादीत ठेवण्यात येत आहे. व्यक्तिशः घेऊ नये.

विषय दुसरा: चहा. अति गोड. तरी मंजूर.

*

पाटी दारावर लागली. साडूच्या ड्रिलनेच लागली, बेतातलं तेवढंच बरोबर आलं. वर नाव बायकोचं. बायोडेटा शिडी धरून उभा होता. बायको समोर आली, तिने पाटीकडे बघितलं. तो वाट बघत होता. तिने बोटं फिरवली नाहीत.

‘‘का?’’ त्याने शेवटी विचारलंच. ‘‘भाऊजींच्या पाटीवरून फिरवली होतीस.’’

‘‘कधी?’’

‘‘ऑफिस बघायला गेलो होतो तेव्हा. अक्षरांवरून. हळूच.’’

तिने बराच वेळ आठवून बघितलं. ‘‘अहो, त्यावर चुन्याचा डाग होता. निघतो का बघत होते.’’ मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि आतापर्यंत घरात काय काय चाललं होतं ते तिला एकदम कळलं असावं, कारण ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. साडू वर ड्रिल घेऊन अडकला होता. तो म्हणाला, ‘‘मी उतरू का?’’ कुणी लक्ष दिलं नाही.

‘‘त्या एका डागासाठी कंपनी काढलीत?’’ ती म्हणाली. ‘‘मला सांगितलं असतंत तर आपल्या इस्त्रीवरून रोज फिरवली असती.’’

*

पहिली तारीख. सकाळी शीतगृहातून फोन आला. माणसं पोचली होती, पण गेटवरचा नोंद करणारा आलाच नव्हता आणि ट्रक रस्त्यापर्यंत उभे होते. ‘‘आत्ता माणूस मिळाला नाही तर पुढचं काम नाही,’’ मॅनेजर म्हणाला. बायोडेटा नुसताच खोलीत फेऱ्या मारू लागला. त्याला गावातल्या निम्म्या लोकांचे बायोडेटा पाठ होते, पण या क्षणी त्याच्या डोक्यात एकाचंही नाव येईना.

बायकोने फोन हातात घेतला. शाळेत रोज सकाळी घेते तसाच. ‘‘बघून सांगते,’’ ती म्हणाली. मग फोनवर हात ठेवून तिने खोलीभर नजर फिरवली. ‘‘कुणाचा तास मोकळा आहे?’’

खोलीत एकच माणूस होता.

‘‘मी?’’ बायोडेटा म्हणाला. ‘‘मी संस्थापक आहे.’’

‘‘प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमचं आहे,’’ ती म्हणाली, आणि जाऊन कपाटातून लोकरीची कानटोपी काढली. ती त्याच्या डोक्यावर चढवताना तिने दोन्ही कान नीट आत सारले. मग टोपीच्या कडेवरून बोटं फिरवली, हळूच. तिथे कसलाही डाग नव्हता. बायोडेटाने बघून घेतलं.

काम टिकलं. शीतगृहाचा मॅनेजर खूष झाला, कारण गेटवरचा नवा माणूस ट्रकवाल्याकडे नुसतं बघून सांगायचा की हा माल उतरवताना घाई करणार. आता रोज कुठे ना कुठे माणूस कमी पडतो आणि रोज सकाळी बायोडेटा कानटोपी नाहीतर कॉल सेंटरचा टोपलीएवढा हेडफोन घालून कुठेतरी बदलीवर निघतो. निघताना दारावरची पाटी पुसतो. पितळ लवकर काळं पडतं.

परवा शीतगृहातली माल चढवायची लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला साडू आला. लिफ्टखालच्या खड्ड्यातून फक्त त्याचं डोकं बाहेर होतं, नाकाला वंगण लागलेलं. त्याने बायोडेटाची कानटोपी बघितली, हातातला गरम चहा बघितला, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं.

‘‘तुमचं बरं आहे, साडूभाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘तुमच्या त्या प्रतीक्षा यादीत अजून एक नाव बसेल का?’’

बायोडेटाने चहाचा घोट घेतला. ‘‘बसवतो,’’ तो म्हणाला. ‘‘पण माझ्या खाली.’’

सोमवारी मॅनेजरने कायमचा माणूस मागितला, लिफ्टचं समजणारा. मंडळाने साडूची निवड केली. त्याला आता खुर्ची आहे, हीटर आहे आणि झोपही लागते म्हणतात.

बायोडेटा अजून प्रतीक्षा यादीतच आहे. पहिल्या क्रमांकावर, हे मात्र तो न विचारता सांगतो.